चाळीस हात पाळ

सावरटोली, पो. लाखनी
९ मार्च १९८३

परसराम,

तुले, कुंताले आन् लेकरायले सलाम. पाळकाले पत्र लिहितानी वर शास्त्रातल्या दोन ओळी घालाव्या, असं आपल्या मंडळीचे पंच टेकचंदजी म्हनते. पन त्या तुले पाठ हायेत, मी काहून शाई घालवू?

कामाचं सांगते. काल मी तलावाच्या पाळीवर गेली. हो, पाळीवर. जिच्यावर ख्रिस्ती मानसानं पाय ठेवू नये असा आपल्या बाबाचा हुकूम, तिच्यावरच. बकरी पळाली, तिच्यामागं मी. आन् पाहते तं काय बाप्पा! सांडव्याजवळची चाळीस हात पाळ, जिले गाव अजून बी ‘ख्रिस्त्यायचा हात’ म्हनते, ती खचून अर्धी झाली. खेकड्याची बिळं, घुशीची बिळं. एका बिळात हात घातला तं खांद्यापर्यंत आत गेला. बाकीची पाळ मात्र धडधाकट. कारन काय, तं हर उन्हाळ्यात हर वस्ती तलावातला गाळ काढते आन् पाळीवरचा आपापला हात भरते. आपल्या सहा घरायनं चौतीस वर्षांत एक टोपली टाकली नाही. आन् दुसऱ्या वस्तीच्या हाताले कोनी शिवाचं नाही, हा गावचा रिवाज. म्हनजे आपन भरत नाही आन् ते भरू शकत नाही.

पाऊस बी पहिल्यासारखा राहिला नाही रे. आधी आठ-आठ दिवस झिमझिम लागून राहे. आता महिनाभर आभाळ कोरडं, मंग एकाच दिवसात सारं ओतून मोकळं. वरचं जंगल ठेकेदारायनं साफ केलं, तं पानी येते ते माती घेऊनच येते. अशा पान्यापुढं ही पाळ टिकत नाही. ती गेली म्हनजे खालच्या तीन गावच्या धानाच्या बांध्या वाळूखाली. त्यात आपली बी आली.

म्हनून मी ठरवलं हाये. या उन्हाळ्यात आपला हात भराचा. तू आमच्या मंडळीचा पाळक हायेस, दोन शब्द लिही, म्हनजे बाकीचे पाच घरं बी निघतीन.

बाबानं तो हुकूम काहून केला, ते मले बरोबर माहीत नाही. त्या साली माझं लगन होऊन मी सासरी होती, इथं लय मंग परतली. तू तं बाबाचं बोट धरून फिरत होता. सांग.

तुझी बाई,
चंद्रभागा

•

भंडारा
२० मार्च १९८३

प्रिय बाई,

तुला व सूनबाई धुरपताला प्रभूमध्ये सलाम. तुझं पत्र मिळालं. टेकचंदजींचं त्याच्या आदल्या दिवशीच आलं होतं. तू पाळीवर गेलीस हे त्यांनी कळवलं. बकरीचं मात्र लिहायला विसरले.

बाई, तुझी काळजी मला समजते. पण मंडळीला काय लिहू? पाळीवर गावाचं दैवत आहे. कामाला हात घालण्याआधी तिथे नारळ फुटतो, पहिली टोपली त्या दगडापुढे ठेवतात. बाबांनी मनाई केली ती त्यामुळे. मला एवढंच आठवतं. बाबा प्रचारक होते, त्यांच्या शब्दावर ही सहा घरं उभी राहिली. चौतीस वर्षं लोकांनी तो शब्द पाळला. आता त्यांचाच मुलगा ‘मोडा’ म्हणून कसं लिहील?

दुसरं असं, की ही पृथ्वी टिकणारी नाही. आपलं खरं घर वर आहे. इथल्या मातीत जीव इतका गुंतवू नये.

तलाव सरकारी आहे. मालगुजारी गेली तेव्हापासून दुरुस्ती हे सरकारचं काम. मी आजच अर्ज लिहितो. तू मध्ये पडू नकोस. तुझे गुडघे आधीच दुखतात.

तुझा भाऊ,
परसराम

•

सावरटोली
२ एप्रिल १९८३

परसराम,

सलाम. अर्ज लिहिला, लय चांगलं केलं. कागदी घोडे नाचवनं आपल्या घरात तुलेच जमते. पन भंडाऱ्यात बसून उंटावरून शेळ्या हाकू नको.

म्हने खरं घर वर हाये. हाये ना, मी कधी नाही म्हनलं? तुझे भाऊजी तिथंच जाऊन बसले हायेत. पन तिथं बोलावनं येईपर्यंत धान कुठं लावू, ते सांग. ज्या घरात चार दिवस राहाचं त्याचं बी छप्पर आपन शाकारतो. पाहुना गेला आन् घर मोडून गेला, तं घरधनी त्याले पुन्हा दारात उभा करीन का?

बाबानं मले वाचाले शिकवलं ते शास्त्राच्या पहिल्या पानावरून. देवानं पहिल्या मानसाले बागेत ठेवलं तवा काम कोनतं सांगितलं? उपदेश कर म्हनून नाही सांगितलं. माती कस आन् राखन कर म्हनून सांगितलं. तवा पाप बी झालं नव्हतं, मंडळी बी नव्हती, पंच बी नव्हते. सगळ्यात जुना हुकूम तो हाये. बाबाचा त्याच्यानंतरचा.

आन् उद्या पुनरुत्थानाचा सन हाये. पत्र पोचेपर्यंत तो होऊन जाईन, तरी पुढच्या उपदेशात हे बी सांग. प्रभू कबरीतून उठून बाहेर आला तवा मरियेले तो कोन वाटला? माळी वाटला. हाताले माती लागलेल्या मानसासारखा दिसत असन, म्हनूनच ना? पाळकासारखा दिसला असता तं तिले पाळक वाटला असता.

मी मारोतराव पाटलाच्या घरी जाऊन आली. म्हनलं, नारळाचं काय करावं? म्हने, “बाई, तुमची प्रार्थना तुमच्या टोकाले, आमचा नारळ आमच्या टोकाले. पानी तं दोघायचं एकच हाये.” पाटलाच्या तोंडून इतलं शहानं बोलनं मी पहिल्यांदा ऐकलं. मी निघाली तं म्हने, “तुमची जागा आमी तशीच ठेवली, कोनाले शिवू दिली नाही.” मी मनात म्हनलं, बाप्पा, शिवू दिली असती तं बरं झालं असतं. हे आपले रिवाज! आपन धर्म म्हनून गेलो नाही, ते मान म्हनून शिवले नाही, आन् मधल्यामधे घुशीचं राज्य झालं.

सोमवारी सुरुवात करतो. मी आन् धुरपता. सून माझी कमी बोलते, पन फावडं चांगलं चालवते.

बाबाचं तू अजून नीट सांगितलं नाही.

चंद्रभागा

•

भंडारा
३ मे १९८३

बाई,

हे पत्र मला लिहायचं नव्हतं.

गेल्या शनिवारी पंचांची बैठक झाली. ठराव असा: मूर्तीचं ठिकाण असलेल्या पाळीवर चंद्रभागाबाई महिनाभर काम करत आहेत, समजावूनही ऐकत नाहीत, म्हणून मंडळीपुढे माफी मागेपर्यंत त्यांना प्रभुभोजन देऊ नये. टेकचंदजींनी मांडला, बाकीच्यांनी होकार दिला. खाली सही माझी आहे.

तू म्हणशील, सही का केलीस? पाळकाने पंचांच्या विरुद्ध जाऊन सख्ख्या बहिणीची बाजू घेतली, असं झालं असतं. मग माझ्या शब्दाला इथे काय किंमत राहिली असती? तुला दोष देत नाही. एकदा उभं राहून ‘चुकलं’ एवढंच म्हण. काम करायचं तर पावसाळ्यानंतर बघू, मी स्वतः बोलेन सगळ्यांशी.

अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही.

परसराम

•

सावरटोली
१२ जून १९८३

परसराम,

मागच्या रविवारी तू आला होता. दोन महिन्यांतून एकदा तू येते, म्हनून मी तुझ्यासाठी मोहाच्या फुलाची भाकर केली होती. तू उपासना संपली तशी एसटी पकडून निघून गेला. बहिनीच्या दारात पाय ठेवला नाही.

मले बाहेर बसाले कोनी सांगितलं नव्हतं, म्हनून मी आपल्या रांगेत बसली. तू भाकरीचं ताट घेऊन येत होता. धुरपताले दिलं. मंग माझ्यापुढं आला. मी हात पुढं केला नव्हता रे, मांडीवरच होता. पन तू ताट छातीजवळ घेतलं आन् पुढं गेला. जसा काही मी हिसकावूनच घेनार होती! मले रडू आलं. खोटं कायले बोलू? आईच्या मागं तुले या हातानं भरवलं हाये मी.

पन माफी मागनार नाही. चुकलं ते मी चुकलं म्हनीन, माती टाकली ते चुकलं म्हननार नाही. घे लिहून आपल्या वहीत.

आता कामाचं. सोळा हात भरून झाली. दोघी बायांनी सव्वादोन महिन्यांत सोळा हात! बिळं खनून काढली, गाळ घातला, धुम्मसानं ठोकला. बाकीचे घरं ठरावानंतर दारं लावून बसले. गोदावरीबाई एक दिवस वावराच्या धुऱ्यापर्यंत आली, उभी राहिली आन् परत गेली. ‘नकटीच्या लग्नाले सतरा विघ्नं’ म्हनते ते काही खोटं नाही.

एक दिवस मारोतराव पाटील स्वतः आले. धुरपताले ताप होता, मी एकटीच होती. खालून टोपली डोक्यावर घेऊन चढली, तं पाटील पाळीवर उभे, दोन्ही हात पुढं करून. म्हने, “दे चंद्रभागाबाई, माझ्या हातात दे.” मी म्हनलं, “नाही जी, ओला गाळ हाये, धोतर भरन तुमचं. मी खाली ठेवते, मंग उचला.” आन् ठेवली खाली. पाटलाचं तोंड असं उतरलं, जसं काही मी शिवी दिली. टोपलीले हात बी लावला नाही. तसेच वळले आन् गेले. घ्या! मदतीले आले आन् नाक मुरडून गेले. मोठ्या घरचे मानसं, त्यायचा राग बी मोठा.

काल मृगाचा पाऊस पडला. आता गाळ निघत नाही, चोवीस हात राहिले. देवाले म्हनलं, एक साल निभावून ने, पुढच्या साली पुरे करतो.

चंद्रभागा

•

सावरटोली
१४ सप्टेंबर १९८३

परसराम,

पाळ गेली.

परवा सकाळपासून जो पाऊस लागला तो थांबलाच नाही. काल दुपारी दोन वाजता आपल्या हातातून पानी शिरलं. सारं गाव धावलं, पोती टाकली, खाटा टाकल्या, टेकचंदजीनं घराचं दार उखडून आनलं. काही उपयोग नाही. मानसं वाचली, ही देवाची दया. आपली बांधी, टेकचंदजीची, धिवरायच्या दोन, खालच्या गावच्या पंधरा-वीस, सगळ्यावर कमरभर वाळू. धान लोंबीवर आला होता.

आमी दोघींनी भरलेले सोळा हात जागेवर हायेत. त्याच्या पुढचे गेले.

टेकचंदजी धुऱ्यावर बसून होते. मी जाऊन त्यायच्याजवळ बसली. ‘मी सांगितलं होतं’ हे तोंडावर आलं होतं, पन गिळलं. तुले मात्र म्हनते. मी सांगितलं होतं, परसराम.

दोन पत्रांत तुले विचारलं, बाबानं हुकूम काहून केला. ‘एवढंच आठवतं’ म्हनून लिहिलं तू. तू लहान होता तवापासून खोटं बोलताना ‘एवढंच’ म्हनते. गूळ चोरला तवा बी ‘एवढंच खाल्ला’ म्हनला होता. आता तरी खरं लिही. माझ्याजवळ गमावाले काही उरलं नाही.

चंद्रभागा

•

भंडारा
२५ सप्टेंबर १९८३

प्रिय बाई,

लिहितो.

मी नऊ वर्षांचा होतो. त्या सालीही पावसाळ्यात पाळ गळायला लागली होती, सांडव्याच्या अलीकडे, पाटलांच्या वस्तीच्या हातात. एरवी प्रत्येक वस्ती आपापल्या जागी काम करी, त्यामुळे कुणाचा हात कुणाला लागत नसे. त्या दिवशी तसं करायला वेळ नव्हता. सगळे एका रांगेत उभे राहिले, टोपल्या हातोहात पुढे जात होत्या. बाबांच्या पुढे थोरले पाटील होते, मारोतरावांचे वडील, आणि त्यांच्या पुढे मारोतराव, तेव्हा चोवीस-पंचवीसचे. मी बाबांच्या मागे, चिखलात.

बाबांनी भरलेली टोपली पुढे केली. थोरल्या पाटलांनी हात मागे घेतले. म्हणाले, “खाली ठेव. मंग उचलतो.”

पाळ फुटत होती, बाई. तिकडे पाणी उसळत होतं, आणि इकडे टोपली हातातून हातात घेता येत नव्हती. बाप्तिस्म्याला सोळा वर्षं झाली होती, बाबांना वाटत होतं ते सगळं आता मागे पडलं. त्यांनी टोपली खाली ठेवली. माझा हात धरला आणि पाळीवरून खाली उतरले. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून बसले. मी आपल्या बाबांना रडताना एकदाच पाहिलं, ते त्या दिवशी.

रविवारी त्यांनी उपदेशात सांगितलं की पाळीवर दैवत आहे, ख्रिस्ती माणसाने तिथे जाऊ नये. दैवत त्याआधीही होतं, आणि बाबा सोळा वर्षं त्याच्या शेजारी माती टाकत होते. पण अपमान झाला असं सहा घरांपुढे कसं सांगायचं? म्हणून त्यांनी त्यावर धर्माचं पांघरूण घातलं. मी ते पांघरूण चौतीस वर्षं नीट खोचून ठेवलं. बाबांची लाज राखतो असं मला वाटायचं. खरं तर मला पाळक म्हणून ज्या बाबांचा मुलगा व्हायचं होतं, ते बाबा कधी रडणारे नव्हते.

तुझं जूनचं पत्र आलं तेव्हा ‘खाली ठेवते, मंग उचला’ हे वाक्य वाचून मी पत्र मिटवून ठेवलं. कुंताने विचारलं काय झालं, तर काही नाही म्हणालो. बाई, मारोतराव नाक मुरडून गेले नाहीत. त्यांच्या बापाचा शब्द त्यांना तुझ्या तोंडून ऐकू आला. तुला काहीच ठाऊक नव्हतं हे त्यांना कसं कळणार?

आणि मी तुझ्यापुढून ताट छातीशी धरून गेलो. थोरल्या पाटलांनी हात मागे घेतले होते, मीही घेतले. ते निदान देवाच्या नावाने नव्हतं. मी देवाचं नाव घेऊन केलं.

पृथ्वी नाहीशी होणारी आहे असं तुला लिहिलं, तेही मागे घेतो. देवाने जी स्वतः घडवली आणि चांगली म्हटली, ती बुडू द्यायला आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. अर्ज करून हात झटकणं सोपं होतं. मातीत हात घातला असता तर त्या दिवसाची आठवण आली असती.

नोव्हेंबरात हंगामाच्या सणाला मी सावरटोलीला येतोय. हे सगळं मंडळीपुढे उभं राहून सांगणार आहे, बाबांच्या नावासकट. पंच काय करतील ते करोत. यंदा अर्पण करायला कुणाच्या घरी पेंडी नसेल, मला माहीत आहे. निदान खरं तरी अर्पण होईल.

तुझा,
परसराम

•

सावरटोली
९ मे १९८४

प्रिय परसराम,

तुले, कुंताले, लेकरायले सलाम. मोहाडीचं पानी मानवलं का? भंडाऱ्याहून पाळकाले तिथल्या चार घरायच्या मंडळीवर टाकून दिलं, म्हनून कुंता रुसली असन. तिले म्हनावं, चार घरायले बी पाळक लागते. माझं ऐक, नोव्हेंबरात तू उभा राहून बोलला, त्याच्याआधी मी तुले भाऊ म्हनून जीव लावत होती. आता मान बी देते. पन हे पुन्हा पुन्हा लिहिनार नाही, डोक्यात हवा जाईन.

तू बोलला त्या दिवशी टेकचंदजी उठून गेले होते, ते तुले ठाऊक हाये. नाताळाले बी आले नाही. गोदावरीबाईनं तं तोंडावर सांगितलं, की मेलेल्या बापाची अब्रू चव्हाट्यावर आनली या भावा-बहिनीनं. मी म्हनलं, बापाची अब्रू माझ्यापेक्षा तुले जास्त का? बाबानं दुःख केलं, पाप नाही केलं. पाप आपन केलं, त्या दुःखाचा रिवाज करून.

पन पुनरुत्थानाच्या सनानंतरच्या सोमवारी मी आन् धुरपता फावडं घेऊन निघालो, तं टेकचंदजी दारात उभे. खांद्यावर कुदळ. म्हने, “कुठून सुरू कराचं?” मी म्हनलं, “जिथून गेलं तिथून.” दुसऱ्या आठवड्यात पाचही घरं आली. गोदावरीबाई बी आली, तोंड फुगवून आली, पन आली. आधी प्रार्थना आपल्या टोकाले. तिकडं नारळ फुटला. आवाज आला तं टेकचंदजी जरा दचकले, मंग कुदळ मारली.

खिंड लय मोठी पडली. सहा घरायच्यानं होन्यासारखी नव्हती. मी मारोतराव पाटलाकडं गेली. अंगनात बसले होते. म्हनलं, “पाटील, मागच्या साली मी टोपली खाली ठेवली. मले माहीत नव्हतं.” तसे ते उठले. म्हने, “बाई, मले माहीत होतं. मी बापाच्या बाजूले उभा होतो. हात पुढं करू शकत होतो, केला नाही. चौतीस वर्षं तुमची जागा राखून ठेवली, वाटे कोनीतरी परत येईन. बोलावून आनाची हिंमत झाली नाही.” मी म्हनलं, “मंग आता बोलवा. सारं गाव बोलवा.”

आन् बोलावलं त्यायनं. चाळीस हातांतले छत्तीस झाले रे! वरच्या अंगाले जंगल गेलेल्या उतारावर बी पावसाच्या तोंडी साजा आन् मोहाची रोपं लावाची म्हनते सारे, नाही तं हर साली गाळच उपसत बसू. चार हात तुझ्यासाठी ठेवले हायेत. सोमवारी ये. पाळकाचे कपडे घालून नको येऊ. आन् येताना ताट घेऊन ये, उपासना पाळीखाली मोहाच्या झाडाजवळ करू. माफीचा ठराव पंचायनं फाडला, पन फाडला नसता तरी मी रांगेत बसलीच असती.

एक सांगाचं राहिलं. पहिल्या दिवशी सगळं गाव रांगेत उभं राहिलं, हातोहात. मी मुद्दाम बाबाच्या जागेवर उभी राहिली, तू सांगितलेल्या. पुढं मारोतराव. टोपली आली. ओल्या गाळानं काठोकाठ. पाटलानं दोन्ही हात पुढं केले, मी टोपली त्यायच्या हातात दिली. खाली नाही ठेवली. म्हने, “लय जड हाये बाई.”

मी म्हनलं, “असनच ना जी. पस्तीस वर्षं खाली पडली होती.”

तुझी बाई,
चंद्रभागा